आमच्या हॉलमधला राक्षस आणि वीस तोंडांचा फासा

आत्याबाई_४४० (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:५२

मंडळी, हा धागा कुठल्या विभागात टाकायचा ते ठरेना. 'खेळ'मध्ये टाकला तर क्रिकेटवाले येतील, 'साहित्य'मध्ये टाकला तर कोणीच येणार नाही. म्हणून गप्पांच्या पानावर टाकते.

आमच्याकडे, त्रिमूर्तीनगरात, एप्रिलपासून दर रविवारी दुपारी दोनला सहा पोट्टे-पोट्ट्या येतात आणि सहाला जातात. येण्याचं खरं कारण आमचा कूलर. भाची इंजिनिअरिंगला आहे, तिच्या खोलीवर टेबलफॅन. आमच्या हॉलच्या खिडकीत मात्र ताज्या वाळ्याचा, पडदे छताला लावील असा कूलर. मे महिन्यात नागपुरात माणसाची पत अशीच ठरते. "आत्या, आम्ही काही धिंगाणा नाही घालत, फक्त बसून गोष्ट करतो," असं म्हणाली. मी म्हटलं, करा.

पहिल्या रविवारी आमच्या ह्यांनी पेपरामागून दोनदा डोकं काढलं. डायनिंग टेबलावर फासे खुळखुळतायत, एक मुलगी किंचाळतेय, "माझे तीनच एचपी राहिले!", एक पोरगा म्हणतोय, "मी दार तोडतो", आणि भाची पुठ्ठ्याचा आडोसा करून त्यामागून विचारतेय, "कशाने तोडतोस?" ह्यांना वाटलं जुगार, मला वाटलं गॅदरिंगची तालीम.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पोरं डीएनडी म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाचं एक पात्र, पात्राचा एक कागद. पात्रात किती जीव उरलाय तो आकडा म्हणजे एचपी. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं. समोर काय आहे ते डीएम सांगणार, आपण काय करतो ते बाकीचे सांगणार, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस तोंडांचा फासा टाकायचा. बस, एवढंच. बाकी नियमांची पुस्तकं जाडजूड आहेत, पण ती बहुतेक वेळ पाण्याच्या ग्लासाखाली असतात.

त्याच दिवशी एक कांड झालं. एका पोराच्या पात्राचा जीव जातोय की राहतोय असा फासा होता. त्याने इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडून ह्यांच्या पाण्याच्या बादलीत. ह्यांनी न बघता बादली कूलरच्या टाकीत रिकामी केली. पोरगा म्हणतो, वीस पडला होता, मी पाहिला. बाकीचे म्हणतात, कोणी नाही पाहिला. दुसरा फासा टाकायला लावला, दोन पडले, पात्र मेलं. पोरगा चहा न पिता गेला.

तिसऱ्या रविवारी त्याच पोराची परीक्षा होती. भाची म्हणाली, आत्या, त्याचं नवीन पात्र आजच्यापुरतं तू चालव. पात्र कसलं, तर भाडोत्री शिपाई. गोष्ट अशी की नगरधनच्या किल्ल्यासारखा एक किल्ला, अलीकडे नदी, नदीवर एक म्हातारी नावाडीण, आणि ती कोणाला पलीकडे नेत नाही. पोरांनी तिला धमकावून पाहिलं, पैसे दाखवून पाहिले, एकाने नाव चोरायचा बेत केला. माझी पाळी आली. मला काय सुचणार? मी विचारलं, "बाई, तू जेवली का?"

भाची एकदम थांबली. म्हणाली, टाक फासा, पंधरा किंवा वर पाहिजे. सतरा पडले. मग भाची त्या म्हातारीच्या आवाजात बोलायला लागली. मुलगा त्या किल्ल्यात गेला तो परत आला नाही, तेव्हापासून तिने वल्हं धरलं नव्हतं. तो आवाज माझ्या आईचा होता हो, भाचीच्या आजीचा. आईला जाऊन सहा वर्षं झाली. भाचीला कळलं होतं की नाही, ठाऊक नाही. मी उठून पोह्यांवर तर्री टाकायला आत गेले.

तर माझे प्रश्न दोन. एक, हा खेळ एवढा जगभर कसा काय पसरला? आणि दोन, किल्ल्यात जो राक्षस निघाला (पुस्तकात त्याचं नाव खरंच 'राक्षस' असंच आहे) त्याला वाघाचं डोकं कोणी लावलं? आमच्याकडे पेंच-ताडोबा हाकेवर आहे, वाघाची आम्हाला सवय आहे, पण राक्षसाला वाघाचं डोकं मी कुठल्याच कीर्तनात ऐकलं नाही.

---

भटका_फासा | रविवार, रात्री १०:३०

आत्याबाई, दंडवत घ्या. "जेवली का?" हा डाव मी पंधरा वर्षं खेळतोय तरी मला सुचला नसता.

थोडी कुंडली मांडतो. खेळ १९७४ सालचा, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावचा. करणारे दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स विमा कंपनीत होता. ती नोकरी गेली, मग घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून घर चालवायचा. एका दोस्ताबरोबर हजार-हजार डॉलर घालून टीएसआर नावाची कंपनी काढली. पहिल्या हजार प्रती, प्रत्येक खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. खोकी घरीच भरली.

मूळ मात्र लढायांच्या खेळात आहे. प्रशियात रायस्विट्झ बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरची लढाई बसवली, तिथून ही परंपरा. खरी गंमत १९६९ मध्ये झाली. मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या माणसाने अशीच एक लढाई मांडली, पण लढणाऱ्या फौजांच्या मधल्या गावातली माणसंही एकेका खेळाडूला वाटून दिली. कोणी महापौर, कोणी सावकार. खेळाडूंनी लढाई ठेवली बाजूला आणि कोपऱ्यात जाऊन कारस्थानं सुरू केली. वेसलीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्या खेळाडूंत आर्नेसन होता. शोध म्हणायचा तर हाच. तोवर हातात फौज असायची, आता एक माणूस आला.

(पुढे श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. मराठी माणसाला हा भाग समजावून सांगायला नको.)

आता राक्षस. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे या खेळातल्या राक्षस-प्राण्यांच्या पुस्तकात तो आहे, मूळ भारतातला अशी नोंद करून. चित्रात वाघाचं डोकं, अंगात श्रीमंती झगा, हातात पाईप. असा थाटात बसलाय की सावकारच वाटावा. आताच्या पुस्तकात त्याचे तळहात उलटे असतात. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे, त्यांनी हात उलटे केले. लहानमोठे मंत्र त्याला लागत नाहीत. पन्नास वर्षं जगभरची पोरं 'राक्षस' म्हटलं की हा वाघोबा डोळ्यांपुढे आणतात. प्रभाव प्रभाव म्हणतात तो दोन्हीकडून असतो, आणि परत येईपर्यंत डोकं बदललेलं असतं.

---

वर्धा_रोड_वाला | रविवार, रात्री ११:१५

काऊन बाप्पा, एवढं काय हाय त्याच्यात? आमी लहानपनी उनाळ्यात महालातल्या गच्चीवर झोपाचो, तवा आमची आजी रोज हेच करे. "मंग राजा डोंगरावर गेला. आता सांग, तू असता तं काय केलं असतं?" फासा नोता, आजीची झोप होती. तिले झोप आली का राजा मेला.

आता हेच इंग्रजीत केलं, सात रंगाचे फाशे घेतले, का झालं कल्चर! पैशेवाल्यायच्या पोट्ट्यायचे चोचले हायत हे. आत्याबाई, तुमच्या तर्री-पोह्यायचा धागा काढा, त्यात जास्त दम हाय.

---

आत्याबाई_४४० | सोमवार, सकाळी ७:०५

@वर्धा_रोड_वाला, आजीचा मुद्दा मान्य, पण चोचल्यांचा नाही. या सहातल्या दोघांकडे स्वतःचे फासे आहेत. बाकीचे फोनवरचा फासा वापरतात. एकाने तर सुरुवातीला वीस चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात घातल्या होत्या. बेसिक नियम कंपनीनेच फुकट ठेवलेत म्हणे. कूलरचं पाणी भरायला लावते सगळ्यांना, तेवढीच काय ती फी.

---

अक्षवेल | सोमवार, दुपारी १:२०

फाशांचा विषय निघाला म्हणून राहवेना. (संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त. मुक्काम अमरावती.)

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळं. विदर्भाच्या जंगलात पायाखाली येतात तीच. त्यात जुगाऱ्याला सांगितलंय, फासे सोड, शेती कर. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावंसुद्धा मुळात डावांची नावं. म्हणजे आपण सगळे सध्या सर्वांत वाईट पडलेल्या फाशात राहतोय.

पण मला सांगायचंय ते नळाचं. द्यूतात राज्य गेलं, दमयंतीला रानात सोडलं, रूप बदललं, आणि बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिला. दमयंती माहेरी, कुंडिनपुरात. आमच्याकडे त्याला कौंडिण्यपूर म्हणतात. नळाला हुडकून काढायला तिने दुसऱ्या स्वयंवराचं खोटं निमंत्रण ऋतुपर्णाला धाडलं, मुदत एका दिवसाची. रथ विदर्भाकडे सुसाट निघाला. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्ण नुसतं पाहून म्हणाला, याला इतकी पानं, इतकी फळं. नळाचा विश्वास बसेना. घाईच्या प्रवासात रथ थांबवून, झाड पाडून, मोजायला बसला! आकडा बरोबर निघाला. मग राजाने त्याला अक्षविद्या दिली, बदल्यात नळाने अश्वविद्या देऊ केली, आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरला.

म्हणजे फासा हा निव्वळ नशिबाचा नाही, त्यामागे मोजणी आहे, ही अक्कल नळाला आली ती विदर्भाच्या वाटेवर. आणि तेव्हा तो दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं रूप घेऊनच वावरत होता. आत्याबाईंच्या भाडोत्री शिपायासारखा.

---

भटका_फासा | सोमवार, दुपारी २:०२

अक्षवेल, वाचनखूण साठवली. मोजणीवरून आठवलं. जुन्या पद्धतीत पात्राची ताकद, अक्कल वगैरे सहा गुण ठरवायला सहातोंडी तीन फासे टाकायचे. तीन फाशांत १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. १० किंवा ११ मात्र चारात एकदा येतात. म्हणजे बहुतेक माणसं मध्यम, एखादाच भीम. वीस तोंडांच्या फाशाचं तसं नाही, त्यात एकपासून वीसपर्यंत सगळ्यांना पाच टक्के. पात्र जन्माला येतं मोजूनमापून, मरतं मात्र पाच टक्क्यांत.

रच्याकने, ते चार, आठ, बारा, वीस तोंडांचे फासे सुरुवातीला शाळांना गणिताचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवले होते. खेळवाल्यांनी ते वर्गातून पळवले.

---

दहावीची_आई | सोमवार, रात्री ९:४०

मी घाबरत घाबरतच विचारते. माझा मुलगा शनिवारी असाच कुठेतरी जातो. वहीत राक्षस, मंत्र, मृतांचे देव असं काय काय लिहिलेलं सापडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अमेरिकेत या खेळाने मुलं वेडी झाली होती. खरं आहे का?

---

भटका_फासा | सोमवार, रात्री १०:१८

ताई, घाबरू नका, पण तुमच्या काकू अगदीच हवेत बोलत नाहीयेत. १९७९ मध्ये मिशिगनच्या विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा, फार हुशार विद्यार्थी बेपत्ता झाला. शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने सांगितलं, मुलगा हा खेळ खेळता खेळता विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हरवला असेल. पेपरांनी उचलून धरलं. मुलगा सापडला, बोगद्याशी आणि खेळाशी त्या बेपत्ता होण्याचा संबंध नव्हता. तो आधीपासून खचलेला होता, आणि पुढच्याच वर्षी गेला. त्याचं दुःख काय होतं हे बाजूला राहिलं, लोकांच्या डोक्यात खेळ राहिला. १९८२ मध्ये त्याच धर्तीची टीव्ही फिल्म आली, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना निघाली, चर्चमधून पत्रकं निघाली. आणि त्याच काळात खप वाढला. आईने नको म्हटलेली गोष्ट, दुसरं काय होणार?

आणखी एक किस्सा. विस्कॉन्सिनमध्येच, म्हणजे खेळाच्या जन्मगावच्या राज्यात, तुरुंगाने कैद्यांना हा खेळ बंद केला. एका कैद्याने हाताने लिहिलेली ९६ पानांची गोष्ट जप्त झाली. तो कोर्टात गेला. तुरुंगाचं म्हणणं, यात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात, म्हणजे टोळीसारखं. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने तुरुंगाच्या बाजूने निकाल दिला. डीएमचं कोणी ऐकतं, अशी तुरुंगाची समजूत होती! आत्याबाईंच्या भाचीला विचारा.

वहीचं म्हणाल तर एकदा मुलाला त्यातली गोष्ट वाचून दाखवायला सांगा. नकाशा काढला असेल तर तोही बघा.

---

कंपाइलर_काका | मंगळवार, सकाळी ११:११

ऑफिसातून लिहितोय, त्यामुळे त्रोटक. (पुणे, मूळ गाव काटोल.)

हा खेळ कधी न खेळलेल्या माणसाच्याही खिशात तो आहे. फोनवर बंदुकीचा गेम खेळणारं पोर 'एचपी कमी आहे' म्हणतं, ते एचपी आर्नेसनच्या टेबलावरून आलं. लेव्हल चढणं, अनुभवाचे गुण जमवणं, एक जण मार खाणारा, एक जण बरं करणारा, सगळं तिथलं. १९७५ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावर विद्यार्थ्यांनी याच्या नकला लिहिल्या. एका गेमचं नाव 'पेडिट५', म्हणजे अभ्यासाच्या फाइलचं वाटेल असं, कारण सिस्टीमवाले दिसला की डिलीट करायचे. १९८१ मध्ये विझर्डरी आणि अल्टिमा हे संगणकावरचे गेम आले. विझर्डरी जपानात गाजलं, तिथल्या लोकांनी ते पाहून १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट केलं. आणि आता आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंग पोर्टलवर 'अभिनंदन, तुम्ही लेव्हल ४ वर पोचलात' असं येतं. लैंगिक छळ प्रतिबंधाचं ट्रेनिंग होतं हो ते. लेव्हल ४!

जपानवरूनच अजून एक. तिथे १९८६ मध्ये एका मासिकाने टेबलावर खेळलेल्या खेळाची बोलाचाली जशीच्या तशी, लिहून काढून क्रमशः छापली. लोकांना इतकी आवडली की त्यातून कादंबऱ्या आणि पुढे अ‍ॅनिमे निघाले, रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर. तसल्या लिखाणाला तिकडे 'रिप्ले' म्हणतात. दिवाळी अंकवाले ऐकताय का?

---

कुडाळचो_झील | मंगळवार, रात्री ८:३०

कंपाइलर_काकांना +१. पण आत्याबाईंच्या भाचीचं वाचून मला आमचे दशावतारी आठवले. संहिता नसते. आज कुठलं आख्यान ते ठरतं, कोण कोणाची भूमिका घेणार ते ठरतं, आणि पेटारा उघडून रंगपट झाला की जो तो आपलं बोलतो. चांगला नट असेल तर समोरच्याला अडचणीत टाकील असा प्रश्न विचारतो, आणि समोरचा हार्मोनियमवाल्याकडे बघत उत्तर जुळवतो. प्रेक्षकांना खरी मजा त्यातच.

फरक एकच. आमच्या नाटकात राक्षस मरणार हे ठरलेलं. तुमच्या टेबलावर देवसुद्धा मरू शकतो.

---

वर्धा_रोड_वाला | मंगळवार, रात्री ९:१२

आमच्याकडे खडी गंमत हाय ना बाप्पा. उभ्या उभ्या सवाल-जवाब, शाहीर जे बोलन त्याले समोरच्यानं तिथंच उत्तर द्याचं. झाडीपट्टीत रातभर नाटकं चालतात, वडसा भरून मंडळ्या हायत. नागपूरच्या किती पोट्ट्यायनं पाह्यलं? मी तं तेच म्हणून राहिलो. घरची गंमत सोडून बाहेरचा ड्रॅगन.

---

पुठ्ठ्यामागची | बुधवार, रात्री १२:४०

नमस्कार, मी भाची. आत्याने धाग्याची लिंक दिली, आणि 'आजीचा आवाज' वाचून मी जरा वेळ बंद केलं. आत्या, कळलं होतं मला. आधी नाही, बोलायला लागल्यावर.

वर्धा रोडवाले काका, तुमचं खरं आहे. सुरुवातीला आम्ही सगळं तिकडचंच करायचो. टॅव्हर्न, एल्फ, 'गुड सर'. स्ट्रेंजर थिंग्स ही मालिका पाहूनच या खेळाकडे आलो होतो आम्ही, खोटं कशाला बोलू? नंतर ते अमेरिकेतले आवाजी कलाकार खेळताना दाखवतात तो क्रिटिकल रोल पाहायला लागलो. त्यांनी २०१९ मध्ये कार्टून काढायला लोकांकडे पैसे मागितले तर एक कोटी डॉलरच्या वर जमले! त्यांचं पाहून मीही तसंच घोगरं इंग्रजी बोलायचे. मग एकदा चेटकिणीने शाप द्यायचा होता. इंग्रजीत दिला. पोरं हसली. मी पुन्हा म्हटलं, "तुझ्या घरची चूल पेटणार नाही." एकाने हातातला फासा खाली ठेवला. म्हणाला, असं नको बोलू यार.

तेव्हापासून आमचं असं चालतं. लढाईत सगळे इंग्रजी: आय अटॅक, ॲडव्हान्टेज आहे का, वगैरे. सराफ, दिवाण, कोतवाल आले की हिंदी, कारण आमच्या डोक्यातला दुकानदार इतवारीचा आहे. आणि म्हातारी, लहान मूल, भूत आणि मरणारा माणूस मराठी. हे कोणी ठरवलं नाही. एचपीला मी 'प्राणगुण' म्हणून पाहिलं, कोणी ढुंकून पाहिलं नाही. एक दिवस एक पोट्टी म्हणाली, "माझी धुगधुगी तीन राहिली." आता सगळे धुगधुगीच म्हणतात.

एक गोष्ट आत्याने लिहिली नाही, कारण ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. कागदावर जुन्या नियमांत 'रेस' असा रकाना असतो. एल्फ, बुटका, माणूस असं भरायचं. नवीन आलेल्या एकीला मी घाईत मराठीत सांगत होते, म्हणून तोंडातून निघालं, "इथे जात लिही." टेबलावर कोणी बोललं नाही. एक जण, माझा चांगला मित्र, म्हणाला, "हा रकाना मी नाही भरत. कॉलेजच्या फॉर्मवर भरतो तेवढा पुरे." जुन्या नियमांत तर तसंच होतं, अमक्यात जन्मला म्हणून काटक, तमक्यात जन्मला म्हणून मठ्ठ. तिकडेही यावरून बरीच वर्षं भांडणं झाली. २०२४ च्या पुस्तकात तो शब्द काढून 'स्पीशीज' केलाय, आणि वाढीव गुण जन्मावरून काढून आधी काय काम करायचा त्यावर नेलेत. पण आम्ही त्याची वाट पाहिली नाही. त्याच दिवशी रकान्यावर काट मारून 'गाव' लिहिलं. त्या मित्राचं पात्र पवनीचं आहे, कोष्ट्याकडे काम केलेलं, आणि अंधारात सूत बोटाने ओळखतं. तीन रविवारांत त्या बोटांनी आम्हाला दोनदा वाचवलंय.

राक्षसाचं डोकं वाघाचंच ठेवलंय. फक्त आमच्यात तो माणूस खायला येत नाही. जंगल कापायचं कंत्राट घेतलेल्यांचे हिशेब तपासायला येतो. झगा तोच. पाईपऐवजी विडी.

---

अक्षवेल | बुधवार, सकाळी ८:१५

'धुगधुगी' हा शब्द ज्या मुलीने सुचवला तिला माझ्यातर्फे एक संत्रा बर्फी.

---

दहावीची_आई | गुरुवार, रात्री १०:०५

मुलाला वही वाचायला सांगितली. पाऊण तास वाचत होता. शेवटी मलाच विचारलं, "आई, आता इथून पुढे काय करू?" मी म्हटलं, आधी गणिताचा पेपर सोडव. पण नकाशा चांगला काढलाय. अंबाझरीच्या तलावाखाली भुयार दाखवलंय.

---

वर्धा_रोड_वाला | शुक्रवार, सायंकाळी ६:४४

त्या पवनीच्या पोट्ट्याचं आवडलं आपल्याले. ओ आत्याबाई, रविवारी मी आलो तं चालन का? खेळाले नाई, नुसतं पाहाले. तर्री किती वाजता राहते?

---

आत्याबाई_४४० | शुक्रवार, सायंकाळी ७:२०

चार वाजता. पत्ता व्यनि करते. येताना बर्फाची एक लादी आणा. आणि बघायला कोणी बसत नाही आमच्याकडे, कागद हातात देतात.

---

आत्याबाई_४४० | तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय, कारण आज पाऊस पडला आणि ह्यांनी कूलर उतरवला.

आधी वर्धा रोडवाल्या भाऊंचं. ते तिसऱ्यांदा येऊन गेले. त्यांचं पात्र शाहीर आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी राक्षसाला सवाल टाकला, कवनात, आणि भाचीला तिथल्या तिथे जवाब देता येईना. पुठ्ठ्यामागून फक्त "थांबा, थांबा काका" येत होतं. राक्षस त्या दिवसापुरता निघून गेला.

आता कूलर. टाकीच्या तळाशी गाळ, वाळ्याचा चुरा, आणि त्यात तो फासा. निळ्याचा हिरवट झालाय. ह्यांनी हात न लावता मला हाक मारली, फोटो काढला, मग फासा उचलून पेपरात गुंडाळून ठेवला. फोटोत वर वीस आहे. स्पष्ट दिसतो. पोरगा, ज्याचं पात्र मेलं होतं, तासाभरात स्कूटीवरून भिजत आला. म्हणतो, माझं पात्र परत द्या.

---

पुठ्ठ्यामागची | त्याच रात्री

टेबलाबाहेर पडलेला फासा धरत नाहीत. शिवाय दीड महिना मोटर टाकीतलं पाणी फिरवत होती, फासा किती वेळा उलटला असेल.

---

भटका_फासा | त्याच रात्री

दीड महिना फिरूनही वीसच वर राहिला, म्हणजे पाच टक्केच. डीएमशी वाद घालण्यापेक्षा काकांची साक्ष काढा. बादली रिकामी करताना त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं का?

---

आत्याबाई_४४० | त्याच रात्री

विचारलं. पेपर खाली न करता म्हणाले, "मी राक्षसाच्या बाजूने होतो."